सिस्टर इग्नेशिया : मद्यपींसाठी दार उघडणारी धर्मभगिनी

आपल्या धर्मग्रामात कुणाला मधुमेह झाला, कुणाचे हृदयाचे ऑपरेशन झाले, तर रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण आपुलकीने चौकशी करतो. फादर त्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. शेजारी डबा पोहोचवतात. पण एखाद्या घरात दारूने ठाण मांडले, तर मात्र आपण आवाज खाली आणतो. ते कुटुंब मागच्या बाकावर बसू लागते, मग हळूहळू यायचेच बंद होते. आपणही विचारत नाही, कारण काय विचारावे हेच सुचत नाही.

अशाच घरांसाठी आपले उभे आयुष्य वेचलेल्या एका धर्मभगिनीची आज ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव सिस्टर मेरी इग्नेशिया. जगभरातील हजारो मद्यमुक्त माणसे त्यांना आपली देवदूत मानतात.

बालपण आणि संगीत

सिस्टर इग्नेशिया यांचा जन्म २ जानेवारी १८८९ रोजी आयर्लंडच्या मेयो परगण्यातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव ब्रिजेट डेला मेरी गॅव्हिन. आयर्लंडमध्ये तेव्हा शेतीवर पोट भरणे कठीण झाले होते. घराघरांतून माणसे बोटीने अमेरिकेला जात होती. १८९६ मध्ये गॅव्हिन कुटुंबही ओहायो राज्यातील क्लीव्हलँड या कारखान्यांच्या शहरात येऊन स्थायिक झाले. गाव सोडून कामधंद्यासाठी शहरात येणे, भाड्याच्या घरात नव्याने संसार मांडणे आणि परक्या ठिकाणी चर्चचाच आधार धरणे, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडलेले आहे. नगर, जालना, बीड भागांतून भोसरीच्या एमआयडीसीत आलेल्यांना ते वेगळे सांगायला नको.

डेलाला संगीताची उत्तम जाण होती. तरुणपणी ती घरी पियानोचे वर्ग घेऊ लागली. परंतु तिच्या मनात धर्मजीवनाची ओढ होती. २५ मार्च १९१४ रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तिने संत ऑगस्टिनच्या सेवाभगिनींच्या मठात प्रवेश केला. तिथे तिला इग्नेशिया हे नाव मिळाले.

मठाने त्यांना संगीत शिकवण्याचेच काम दिले. अनाथाश्रमातील मुले, शाळेचे गायनवृंद, सणांची तयारी, दिवसभर शिकवणी, असा त्यांचा दिनक्रम होता. त्यांचा देह अगदी नाजूक होता आणि स्वभाव मात्र काम अंगावर ओढून घेणारा. प्रत्येक गोष्ट अचूक झाली पाहिजे, ही त्यांची स्वतःकडून अपेक्षा असे.

मोडून पडलेली शिक्षिका

१९२७ मध्ये त्यांचे शरीर आणि मन दोन्ही एकदम खचले. पोटातील व्रणांतून रक्तस्राव होऊ लागला. हात थरथरू लागले. त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. बरे व्हायला बरेच महिने गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, की जगायचे असेल तर संगीताचे काम सोडावे लागेल.

ज्या कामासाठी आपल्याला देवाने घडवले असे त्यांना वाटत होते, तेच काम हातातून गेले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असते, की या सिस्टरचे उपयोगी आयुष्य आता संपले. परंतु याच आजारपणाने त्यांना एक गोष्ट शिकवली. माणूस मनाने मोडून पडतो, तेव्हा त्याला उपदेशाची गरज नसते. त्याला कुणीतरी आपल्याशेजारी बसणारे हवे असते.

१९२८ मध्ये अक्रन या शहरात त्यांच्या मठाने सेंट थॉमस रुग्णालय सुरू केले. सिस्टर इग्नेशिया यांना तिथे हलके काम म्हणून नावनोंदणीच्या खिडकीवर बसवण्यात आले. कोणता रुग्ण कोणत्या खाटेवर, एवढे पाहायचे. ते काम किरकोळ वाटत असले, तरी रुग्णालयात कोणी आत यायचे आणि कोणाला परत पाठवायचे, हे त्या खिडकीवरच ठरत होते.

त्या काळी दारूड्या माणसाला रुग्णालयात घेत नसत. तो गोंधळ घालतो, बिल भरत नाही, बरा होऊन जातो आणि पुन्हा पिऊन येतो, अशी सर्वांची तक्रार असे. वैद्यकीय जगही मद्यासक्तीला आजार मानत नव्हते. अमेरिकेच्या डॉक्टरांच्या संघटनेने तो आजार असल्याचे १९५६ मध्ये मान्य केले. तोवर अशा माणसाची जागा तुरुंगात, वेड्यांच्या इस्पितळात किंवा रस्त्याच्या कडेला होती.

दोन मद्यपींची भेट

याच अक्रन शहरात मे १९३५ मध्ये एक घटना घडली. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातील माणूस कामासाठी तिथे आला होता. दारूपायी त्याने नोकरी, पैसा आणि पत सर्व घालवले होते. पाच महिन्यांपासून त्याने दारूला हात लावला नव्हता. पण हाती घेतलेला व्यवहार फसला आणि शनिवारी संध्याकाळी तो मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात एकटा उरला. एका बाजूला बार होता आणि तिथून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ गावातील चर्चची यादी लावलेली होती.

बिलला एक गोष्ट अनुभवाने उमगली होती. आपण दुसऱ्या मद्यपीला मदत करायला जातो, तेव्हा आपण स्वतः पीत नाही. म्हणून त्याने यादीतील एका पाळकांना फोन केला आणि आपल्याला एखाद्या मद्यपीला भेटायचे आहे असे सांगितले. एकाकडून दुसऱ्याचा नंबर मिळवत तो अखेर एका बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर रॉबर्ट स्मिथ हे निष्णात शल्यविशारद दारूमुळे रसातळाला चालले होते.

दुसऱ्या दिवशी भेट झाली. डॉक्टर नाखुशीने आले होते. पंधरा मिनिटांत निघायचे असे त्यांनी ठरवले होते. पण बोलणे कित्येक तास चालले. आजवर डॉक्टरांना समजावणारे पुष्कळ भेटले होते. पण हा माणूस त्यांना समजावत नव्हता. तो स्वतःची हकीकत सांगत होता आणि त्यात डॉक्टरांना आपलीच हकीकत ऐकू येत होती. त्यानंतर डॉक्टर एकदा पुन्हा घसरले. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी मरेपर्यंत दारू घेतली नाही. तो दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजेच एए या संघाचा स्थापना दिन मानला जातो.

फुलांच्या खोलीतील रुग्ण

डॉक्टर स्मिथ, ज्यांना सगळे डॉक्टर बॉब म्हणत, ते सेंट थॉमस रुग्णालयातही येत असत. सिस्टर इग्नेशिया यांची त्यांच्याशी ओळख होती. मद्यपींना ठेवायला जागा मिळत नाही, ही आपली अडचण त्यांनी सिस्टरांपुढे मांडली. दारू एकाएकी बंद केली की काहींना झटके येतात, भास होतात, प्रसंगी जीवही जातो. म्हणून पहिले काही दिवस रुग्णालयाची खाट हवीच होती.

सिस्टरांपुढे प्रश्न उभा राहिला. नियम पाळावा तर समोरचा माणूस परत जातो. नियम मोडावा तर रुग्णालयाचे आणि मठाचे काय? अखेर १६ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी एका मद्यपीला दाखल करून घेतले. कागदावर आजाराचे नाव लिहिले, जठराचा तीव्र दाह. ते अगदी खोटेही नव्हते, पण पूर्ण खरेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॉब पुन्हा आले. रुग्णाला भेटायला काही माणसे येणार होती आणि त्यांना मोकळेपणाने बोलायला आडोसा हवा होता. रिकामी खोली नव्हती. रुग्णांसाठी आलेली फुले नीट लावून ठेवण्याची एक लहानशी खोली होती. सिस्टरांनी खाट ढकलत त्या खोलीत नेली. तिथे त्या रुग्णाला भेटायला आलेले सगळे स्वतः एकेकाळचे मद्यपी होते. नीटनेटके कपडे घातलेली, कामाधंद्याला लागलेली ती माणसे पाहून सिस्टरांना आश्चर्य वाटले. औषधाने जे साधत नव्हते, ते या भेटीगाठींनी साधत होते.

त्यांनी गोष्टी लपवून ठेवल्या नाहीत. आपल्या वरिष्ठांना त्यांनी विश्वासात घेतले आणि हळूहळू रुग्णालयाने मद्यपींसाठी स्वतंत्र विभागच सुरू केला. धार्मिक संस्थेच्या रुग्णालयात मद्यपींना उघडपणे आजारी माणूस म्हणून स्वीकारले जाणे, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

पाच दिवसांची शिस्त

सिस्टरांचा विभाग कसा चालत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. रुग्ण पाच दिवस राहत असे. पहिल्या दिवशी त्याचे स्वागत होई. दुसऱ्या दिवशी आपण दारूपुढे हतबल आहोत, हे त्याला उमगावे असा प्रयत्न असे. तिसरा दिवस आपल्या आयुष्याचा प्रामाणिक हिशेब मांडण्याचा, चौथा निश्चयाचा आणि पाचवा पुढची आखणी करण्याचा.

प्रत्येक रुग्णाबरोबर एए संघातील एक जबाबदार सोबती असावा लागे. तोच त्याला आणायचा, रोज भेटायचा आणि घरी नेऊन पहिल्या सभेला घेऊन जायचा. इतर नातेवाइकांना त्या काळात भेटीची मुभा नसे. दिवसभर एकेक मद्यमुक्त माणूस येई, खाटेशेजारी बसे आणि आपली कथा सांगे. कॉफीचे भांडे सतत तापत असे. विभागालगतच रुग्णालयाच्या चॅपेलचा सज्जा होता. रुग्णाला वाटले तर त्याने घरच्या कपड्यांत तिथे जाऊन बसावे. कुणावर प्रार्थनेची सक्ती नव्हती. कॅथोलिक, प्रोटेस्टंट, यहुदी, काहीच न मानणारा, सर्वांना तोच विभाग आणि तीच वागणूक.

प्रेमळ असल्या, तरी सिस्टर भोळ्या नव्हत्या. एकदा उपचार घेतलेल्याला त्या सहसा पुन्हा दाखल करून घेत नसत. रुग्णालय ही विश्रांतीची जागा व्हायला नको, पुढचा आधार सभेतच शोधायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

घरी जाताना त्या प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचा एक लहान बिल्ला ठेवत. त्याबरोबर एकच अट असे. पुन्हा दारू प्यायची वेळ आली, तर पहिला घोट घेण्याआधी हा बिल्ला मला परत आणून द्यायचा. कित्येकांचा हात खिशातल्या त्या बिल्ल्याला लागून थांबला. आज अनेक एए समूहांत मद्यमुक्त दिवसांची खूण म्हणून पदक देतात. त्या प्रथेची सुरुवात या बिल्ल्यातून झाली असे मानले जाते.

डॉक्टर बॉब यांचे १६ नोव्हेंबर १९५० रोजी निधन झाले. तोपर्यंत या दोघांनी सुमारे ५,००० मद्यपींवर उपचार केले होते. त्यासाठी डॉक्टरांनी आपली फी घेतली नाही.

क्लीव्हलँड आणि अखेरची वर्षे

१९५२ मध्ये सिस्टरांची बदली क्लीव्हलँडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी रुग्णालयात झाली. तिथे त्यांनी मद्यपींसाठी नवा विभाग उभा केला. त्याचे नाव रोझरी हॉल सोलॅरियम. इंग्रजीत या नावाची आद्याक्षरे डॉक्टर बॉब यांच्या पूर्ण नावाच्या आद्याक्षरांशी जुळतात. पवित्र जपमाळेवरील भक्ती आणि सहकाऱ्याची आठवण, दोन्ही त्यांनी एका नावात गुंफल्या. विभाग बांधायला मद्यमुक्त झालेल्या सुतार, गवंडी, रंगारी मंडळींनी हातभार लावला.

मद्यपी एकटा आजारी नसतो, त्याचे घरही आजारी पडते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पत्नी आणि नातेवाइकांच्या अल-अ‍ॅनॉन या आधारगटालाही त्या प्रोत्साहन देत. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या वतीने त्यांच्या कार्याचा गौरव करणारे पत्र आले. अशा सन्मानाने त्या संकोचत. १९६५ मध्ये प्रकृती साथ देईना म्हणून त्या मठात परतल्या. १ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीला क्लीव्हलँडच्या कॅथेड्रलमध्ये माणसांची रीघ लागली होती. त्यातील कित्येकांना कधीकाळी सिस्टरांनी खिडकीवरून हाताला धरून आत नेले होते.

आपण काय करावे?

हे चरित्र वाचून आपण नुसते भारावून जाऊ नये. भोसरीतही पगाराच्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या माऊली आहेत. रात्रपाळी संपवून घरी न जाता दुसरीकडेच वळणारी पावले आहेत. पुरुषच नव्हे, तर लाजेपोटी घरातल्या घरात पिणाऱ्या स्त्रियाही आहेत. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी लिहीत आहोत.

एए भारतात १९५७ मध्ये आले. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातही त्याच्या सभा भरतात. त्या मराठी, हिंदी, इंग्रजी भाषांत होतात. बऱ्याचदा त्यासाठी एखाद्या शाळेची किंवा चर्चची खोली वापरली जाते. सभेला फी नसते. नोंदवही नसते. आडनाव, कंपनी, जात, धर्म कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच पात्रता. पहिल्या दिवशी बोलायलाच हवे असेही नाही, मागे बसून ऐकले तरी चालते. साधारण तास-दीड तासाची सभा असते. खुल्या सभेला नातेवाईकही येऊ शकतात. बंद सभा फक्त मद्यपींसाठी असते.

सभेची जागा आणि वार बदलू शकतात. म्हणून निघण्यापूर्वी एए इंडियाच्या संकेतस्थळावर पाहावे किंवा त्यांच्या मदत क्रमांकावर फोन करून खात्री करून घ्यावी. पाळीमुळे जमत नसेल, तर फोनवरून किंवा इंटरनेटवरून भरणाऱ्या सभाही आहेत. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत क्रमांक १४४४६ आहे. पहिली सभा मनाला भावली नाही, तर दुसऱ्या समूहाची सभा पाहावी. एका सभेवरून निष्कर्ष काढू नये. शक्य असेल, तर जाताना सोबत कुणीतरी असावे. पहिल्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत फिरणारे पुष्कळ असतात.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवावा. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. हात थरथरणे, भास, झटके दिसले, तर तातडीने रुग्णालयात न्यावे. सभा ही औषधोपचाराच्या जागी नसते. सिस्टर इग्नेशिया यांनीही आधी खाट दिली आणि मग सभेकडे पाठवले.

राहून उपचार घ्यायची गरज असेल, तर भोसरीहून दिघी-विश्रांतवाडीमार्गे येरवड्याला जाता येते. तिथे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशनची सुरुवात केली. या दोन्ही ठिकाणी व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नवीन येणाऱ्याचा हात धरतात.

घरच्यांनी काय करावे? पिणाऱ्याला शुद्धीत असताना शांतपणे माहिती द्यावी, नशेत असताना वाद घालू नये. त्याची उसनवारी फेडत बसू नये आणि कंपनीत त्याच्या वतीने खोटी कारणे सांगू नयेत. तो जायला तयार नसेल, तरी घरच्यांनी अल-अ‍ॅनॉनच्या सभेला जावे. मारहाण होत असेल, तर सहन करणे म्हणजे क्रूस वाहणे असे कुणी समजू नये. स्वतःला आणि मुलांना आधी सुरक्षित ठिकाणी न्यावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

काही भाविक विचारतात, की प्रार्थना आहे, प्रायश्चित्त संस्कार आहे, मग सभा कशाला? सिस्टर इग्नेशिया रोज मिस्सा ऐकणाऱ्या, जपमाळ हातात असणाऱ्या धर्मभगिनी होत्या. त्यांना हा प्रश्न पडला नाही. संस्कारातून देवाची क्षमा मिळते. ती क्षमा घेऊन संध्याकाळच्या सातच्या सुमारास त्याच दुकानावरून जाताना पाय पुढे टाकायला, तोच रस्ता चाललेला सोबती लागतो. आणि तो सोबतीही देवच पाठवतो.

शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्याला आठवा. त्याला स्वतःला चालता येत नव्हते. चौघांनी त्याची बाज उचलली. दारात गर्दी होती, म्हणून त्यांनी छप्पर उघडून त्याला प्रभूसमोर सोडले. प्रभू येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला आणि त्याला पापांची क्षमा दिली. मग त्याला उठून आपली बाज घेऊन घरी जायला सांगितले. आपल्या धर्मग्रामात अशा कित्येक बाजा घराघरांत पडून आहेत. त्या उचलायला चार-चार माणसे पुढे यावीत.

या आठवड्यात मागच्या बाकावरील किंवा मिस्साला येणे सोडलेल्या एका घराची आपण आपुलकीने चौकशी करू या. आपल्याच घरात हा त्रास असेल, तर फादरांशी बोलायला संकोच करू नये. ते बोलणे त्यांच्यापाशीच राहील. येशूच्या पवित्र हृदया, व्यसनात अडकलेल्या आमच्या भावाबहिणींवर आणि त्यांच्या कुटुंबांवर दया कर, आणि त्यांना सोबत करण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.